सिटीची मूठ

मी देग बोलतेय. तांब्याची, रुंद कमरेची, दोन बाजूंना दोन कड्या असलेली. माझ्या पोटात अख्ख्या जमातीचा खिचडा मावतो आणि तो संपला की त्याच जागेत माझी झोप मावते. मला झोप फार. वर्षातून एकदा, थंडीत, मला चुलीवर चढवतात. बाकी सारे दिवस मी कुवेतच्या मिरगाब भागात, एका जुन्या इमारतीच्या तळघरात पालथी पडून असते. इथे तळघराला सरदाब म्हणतात.

पालथ्या भांड्याला स्वप्नं फार पडतात. कुणी विचारत नाही म्हणून आम्ही सांगत नाही, इतकंच. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की मला वाटतं, मी पुन्हा बोटीत आहे आणि माझ्याखालून समुद्र चाललाय. धुळीचं वादळ आलं की बारीक वाळू झरोक्यातून आत येऊन माझ्या पाठीवर बसते. मग वाटतं, माझा तांबट जुन्या ओळखीनं पाठीवरून हात फिरवतोय. असं वाटत वाटत मी पुन्हा झोपते.

माझा जन्म ठोक्यांतला. आधी मी तांब्याचा एक निर्बुद्ध पत्रा होते. एका म्हाताऱ्या तांबटानं मला ठोकून ठोकून गोलाई दिली, पोट दिलं, ओठ दिले. त्याच्या हातोडीच्या खुणा, ज्याला मठार म्हणतात, अजून माझ्या अंगावर आहेत. येणारेजाणारे त्यावरून बोटं फिरवतात आणि म्हणतात, काय सुंदर नक्षी! मार खाल्ल्याच्या खुणांना नक्षी म्हणायची माणसांची ही सवय मला आवडते.

मला विकत घेतलं बदरुद्दीननं. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा हा माणूस, कुवेतमध्ये एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी होता. उंच, हसरा, आणि भिडस्त तर इतका की स्वतःच्या लग्नातही पाहुण्यांची ताटं उचलत होता म्हणे. त्याची बायको अमिरुन्निसा पहिल्यांदा इकडे यायला निघाली, तेव्हा मालाच्या बोटीतून मीही निघाले. माझ्या पोटात तिनं आपल्या साड्या, सुकटीची पिशवी आणि आमसुलांचा डबा कोंबला होता. ते आमसुलाचं आंबट स्वप्न मला अजून अधूनमधून पडतं.

त्या दिवसांत जमात, म्हणजे इथल्या कोकणी मुसलमानांचं मंडळ, नव्हती. कोकणातली माणसं होती, पण ती सगळ्या कुवेतभर विखुरलेली. कुणी फहाहीलला, कुणी फरवानियाला, कुणी सुलैबियाच्या गोदामांत. एकत्र आली की भांडायची. खिचडा कुणाच्या गावच्या पद्धतीचा, तिखट कुणी घातलं, आमच्याकडे असं करत नाहीत, तुमच्याकडे कुणी शिकवलंच नाही. शेवटी बदरुद्दीननं डोकं चालवलं. खिचडा घोटून झाला की झाकण ठेवायच्या आधी एकेका विभागाचं नाव पुकारायचं, आणि त्या विभागाच्या माणसानं पुढे येऊन आपल्या मुठीनं मीठ टाकायचं. त्याच्या मुठीला कुणी नाव ठेवायचं नाही. झाकण उघडेपर्यंत कुणी चाखायचं नाही. ज्या विभागाचं मीठ पडलं, त्याचा हात वर्षभर जमातीच्या बैठकीत मोजायचा. दुसऱ्यांदा मीठ कुणी टाकायचं नाही.

विभाग सहा ठरले. फहाहील, अबू हलीफा आणि सबाह अल-सालेम एकीकडचे. सालमिया, फरवानिया आणि सुलैबिया दुसरीकडचे. भांडणं थांबली, कारण आता प्रत्येकाला वाटायचं की चव आपल्यामुळेच आली.

कुणीतरी तेव्हा विचारलं होतं, मी कानांनी ऐकलंय, "बदरभाई, आणि सिटीचा काय?" सिटी म्हणजे हे कुवेत शहर, राजधानी. मिरगाब, शर्क, जुना बाजार. इथले शिंपी, दुकानांतली माणसं, हॉटेलांतली माणसं, चार-सहा कुटुंबं. सरदाब इथलाच, चूल इथलीच, मीही इथलीच.

बदरुद्दीन हसला. "सिटी तर सगल्यांचीच. आमी घरचे. घरच्या माणसानं आधी वाढून घ्यायचा नसतो."

सगळ्यांना त्याचं बोलणं फार गोड वाटलं. आमची माणसं अशीच आहेत. यजमान पंगतीला बसत नाही, उभा राहून वाढतो, आणि पाहुणे त्याला जेवलात का हे विचारायला विसरतात. सिटीचा एक माणूस बैठकीला बसेल, हवं ते बोलेल, पण त्याचा हात मोजायचा नाही, असं ठरलं. ते एका वर्षापुरतं ठरलं होतं असं मला वाटत होतं. मग मला झोप लागली.

अशी किती वर्षं गेली ते माझ्याकडून सुटलं. माझी कल्हई उडाली की अमिरुन्निसा मला मुबारकियाच्या बाजारात एका इराणी तांबटाकडे न्यायची, आणि तो मला पुन्हा चांदीसारखी करून द्यायचा. इमारती उंच होत गेल्या, झरोक्यातला आभाळाचा तुकडा लहान होत गेला. बदरुद्दीनच्या दाढीत पांढरं आलं. एका थंडीत तो खिचडा घोटायला आला नाही. त्या वर्षी घोटणी अमिरुन्निसानं हातात घेतली, आणि बैठकीत सिटीच्या जागेवरही तीच जाऊन बसली. कुणीतरी बाई म्हणून कुरकुर केली. ती म्हणाली, "मोजायचा नाय तो हात बाईचा काय नि बाप्याचा काय?" 

अमिरुन्निसानं आयुष्यात कधी मत दिलेलं नाही. इथे ती परदेशी, इथला कौल इथल्यांचा, त्यात तिला काही वाटत नाही. गावी तिचं नाव आहे. पण निवडणूक आली की ती इकडे असते, आणि ती सुट्टीवर पोहोचते तेव्हा निवडणूक होऊन गेलेली असते. भिंतींवर रंग तेवढे उरलेले. मला घासताना हे सगळं ती मला सांगते. राखेची मूठ गोल गोल फिरते आणि तिचं बोलणं माझ्या पोटात घुमतं. मला वाटतं, माणसं देवाशी बोलतात आणि बायका भांड्यांशी, कारण दोघंही मध्येच बोलत नाहीत.

एकदा बैठकीत एक गोष्ट झाली. जमातीची एक गाडी होती, आजाऱ्याला दवाखान्यात आणि पाहुण्याला विमानतळावर न्यायला. ती सिटीत उभी असायची, कारण सिटीतल्या शिंप्यांकडे स्वतःची गाडी कुठली? ती फहाहीलला न्यायचं ठरलं. अमिरुन्निसा बोलली, चांगली बोलली, सगळ्यांनी माना हलवल्या. मग हात मोजले आणि गाडी गेली. सिटीची माणसं तेव्हा मागच्या अंगणात त्यांचीच ताटं धूत होती. त्यांना ताटं धुऊन झाल्यावर कळलं.

त्या दिवशी तिनं मला घासलं नाही. माझ्या कडीवर हात ठेवून नुसती बसली. मग म्हणाली, "मना काय जास्त नको गो. येक मूठ."

मग आमच्या इमारतीवर नोटीस लागली. जुनी झाली होती बिचारी. जागोजागी गिलावा सुटला होता, पाइप रडत होते. उन्हाळ्याआधी रिकामी करायची होती. जहीर, म्हणजे अमिरुन्निसाचा मुलगा, अबू हलीफाला राहतो. समुद्राजवळ, लिफ्टच्या इमारतीत. तो आईला न्यायला केव्हाचा टपून होता. त्यात तो अबू हलीफा विभागाचा माणूस, तिथली मूठ त्याचीच. तो आपल्या मुलीला, जवेरियाला, घेऊन सरदाबमधलं सामान बघायला आला.

"दादी, इट्स सो सिंपल," जवेरिया म्हणाली. ती अकरावीत आहे. दादीचं सगळं तिला कळतं, पण उत्तर इंग्रजीतूनच येतं. "आमच्याकडे शिफ्ट हो. देन यू आर अबू हलीफा. यू गेट अ व्होट."

"तो तुज्या बापाचा व्होट," अमिरुन्निसा म्हणाली. "मी मिरगाबात राहिलंव. इथं माजा मरद गेला, इथं माजी भाकरी. इथून जायच्या आधी इथल्या नावानं येकदा हात वर करायचा हाय मना. मग कुठंही न्या."

जहीर खाली बघत होता. "अम्मा, माज्या विभागानं ठरवलंय. फहाहीलच्या बाजूनं राहायचा. मी येकट्याचा हात नाय ना तो."

"मी कुठं म्हणतंय तुजा हात मना दे? तुजा तुलाच ठेव."

त्यानं माझ्यावरची धूळ उगीच रुमालानं पुसली. जिथं पुसली तिथं चकाकी येईपर्यंत पुसत राहिला.

मग सिटीलाही मूठ मिळावी म्हणून अमिरुन्निसा जमातीत घरोघर फिरली. फिरून आली की सरदाबमध्ये उतरायची, जिन्याच्या पायरीवर बसायची आणि मला सगळा वृत्तांत द्यायची. तिच्या गुडघ्यांचा आवाज मला तिच्या आवाजाआधी ऐकू यायचा. यासिर, फहाहीलचा माणूस आणि जमातीचा अध्यक्ष, तिला फार आदरानं वागवायचा. चहा द्यायचा, खारी द्यायची, आणि नाही म्हणायचा. त्याच्या नाहीमध्ये दर वेळी नवं कारण असायचं.

आधी म्हणाला, चाची, सिटी सगल्यांची हाय, सगल्यांच्या जागेला वेगला मीठ कशाला? मग म्हणाला, सिटीचं नाव सालमियात घालू, त्यांची मूठ तीच तुमची. ती म्हणाली, "शेजारणीनं जेवला तर पोट माजा भरंल?" मग त्यानं खरं कारण काढलं. आता तीन इकडे आणि तीन तिकडे आहेत, समतोल आहे. सातवा हात आला तर तो कुणीकडे पडणार?

"जिथं ताटं कमी घासायला लागतील तिथं," अमिरुन्निसा म्हणाली. यासिर हसला, पण नाही ते नाहीच.

सगळ्यात शेवटी त्यानं काढलं मिठाचं. सहा मुठी मोजून बरोबर पडतात. बैठकीत ठराव झाला आणि झाकण उघडून वरून सातवी पडली तर खिचडा खारट होईल, खाणार कोण? हे कारण मात्र सगळ्यांनी उचललं. लोकांना न्याय-अन्याय पटकन कळत नाही, खारट पटकन कळतं. जिकडेतिकडे एकच चर्चा, सातवी मूठ पडली तर खारट होणार.

"मग जरा जरा कमी टाका," ती प्रत्येकाच्या दारात सांगून आली. "चिमटीभर माजी जागा सोडा. काय कमी होईल तुमचा?" सगळे म्हणाले, बघू चाची. बघू म्हणजे काय, ते तिला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं.

आणि मग थंडीतला तो शुक्रवार आला. इमारतीतला तो शेवटचा खिचडा. पहाटे दाट धुकं होतं, समोरची इमारत दिसत नव्हती. दोघा शिंप्यांनी मला कड्यांना धरून मागच्या अंगणात आणलं. इमारतीचा मिसरी हारिस, म्हणजे इजिप्तहून आलेला राखणदार, दर वर्षीसारखा नको नको म्हणाला आणि दर वर्षीसारखी त्यानंच चूल लावून दिली. गहू, डाळी, गोश्त. अमिरुन्निसा घोटायला उभी राहिली. माझ्या पोटात जाळ उतरला की मला गुंगी येते. वाफ वर जाते, धुक्यात मिसळते, आणि कुठवर मी आणि कुठून आभाळ ते मला कळेनासं होतं. त्या गुंगीत मला बदरुद्दीन दिसला. चुलीच्या पलीकडे उभा राहून सगळ्यांना वाढत होता. त्याचं स्वतःचं ताट कुठे दिसेना.

"फहाहील!" यासिरच्याच आवाजानं मी भानावर आले. त्यानं स्वतःच्या विभागाचं नाव पुकारलं आणि स्वतःच मूठ सोडली.

आता एक सांगते. मीठ पडतं तेव्हा मला ते कळतं, अगदी दाणा न् दाणा. फहाहीलची मूठ म्हणजे दर वर्षी धबाधब पडणारी. त्या दिवशी ती पडली की नाही हेच मला कळेना. मूठ मोठी दिसत होती, पण आत पोकळ होती. मला वाटलं, वय झालं माझं. मग "सबाह अल-सालेम!" तीही हलकी. सालमिया हलकी, फरवानिया त्याहून हलकी. सुलैबियाच्या माणसाचा पंजा फावड्याएवढा, त्यातून चार दाणे गळले. शेवटी "अबू हलीफा!" जहीर पुढे आला. त्यानं आईकडे बघितलं नाही. त्याच्या मुठीतून माझ्यात जवळजवळ काहीच पडलं नाही. त्यानं मूठ मात्र खूप वेळ झटकली.

मी ओरडणार होते, पण देगेचा आवाज आतल्या आत राहतो. झाकण ठेवलं, कडेनं कणीक लिंपली, आणि मी माझ्या अळणी गुपितासकट बंद झाले.

सगळे खाली सरदाबमध्ये बैठकीला गेले. झरोके अंगणाच्या जमिनीला लागूनच आहेत, मला सगळं ऐकू येत होतं. अमिरुन्निसा बोलली. पाठ केलेलं काही नव्हतं. ती म्हणाली, मी तुमाला इतकी वर्सं जेवायला घातला, त्याचा उपकार सांगत नाय. फक्त सांगते की मीही इथं राहते. एवढंच बोलली आणि बसली. सिटीच्या शिंप्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हात मोजले. सिटीला विभाग करा म्हणणारे तीन. नको म्हणणारे तीन, त्यात तिसरा हात जहीरचा.

"हात सारखे पडले," यासिर म्हणाला. "म्हणजे जुना तोच कायदा. पुढल्या वर्षी बघू, चाची."

पुढल्या वर्षी ही इमारत नसणार होती. अमिरुन्निसा उठली, आणि मला बाकी काही आठवत नाही, तिच्या गुडघ्यांचा जिन्यावरचा आवाज आठवतो. ती माझ्यापाशी आली, कणीक सोडवली, झाकण उचललं आणि वाढायला लागली. रडत नव्हती. पाहुण्यांसमोर ताटं आली होती आणि घरचं माणूस होती ती.

पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला असावा, कारण सगळ्यांचे हात एकदमच ताटात थांबले. आमच्यात पाहुण्यानं जेवणाला नाव ठेवायचं नसतं. सगळे मान खाली घालून चावत राहिले. अळणी खिचडा काय असतो ते ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. ओला कापूस चावल्यासारखं लागतं. सहाही विभागांची माणसं एकमेकांची नजर चुकवत होती. प्रत्येकाला वाटत होतं, मी एकट्यानं घात केला.

सुलैबियाचा माणूस सरळ स्वभावाचा. त्यानंच ताट खाली ठेवलं. "माफ करा. माझी चूक. चाचीसाठी जागा ठेवायची म्हणून मी मूठ जरा हलकी धरली."

"तुमी पण?" फरवानियाचा माणूस म्हणाला.

सालमियानंही मान डोलावली. सबाह अल-सालेमचा माणूस घसा खाकरून म्हणाला, हात नाही देता आला, म्हटलं मीठ तरी थोडं कमी टाकावं. हळूहळू सगळ्यांचे डोळे यासिरकडे वळले. त्यानं घास कसाबसा गिळला. मग म्हणाला, "खारट होईल असा मीच सगल्यांना सांगितला होता. म्हटला, न जाणो, ठराव झालाच पास, आणि खरंच खारट झाला तर चाचीचा नाव खराब व्हायचा."

जहीर मान खाली घालून ताटात बोट फिरवत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आता ताटं भरलेली, माणसं भुकेली, आणि मीठ टाकायचं कुणी? प्रत्येक विभागाची मूठ पडून गेली होती. दुसरी पडत नाही. बदरुद्दीनचा नियम.  तेवढ्यात अमिरुन्निसानं मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठ भरून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात माझ्यावर धरला, पण उघडला नाही.

"टाका ना चाची," कुणीतरी म्हणालं.

"नाव पुकारा," ती म्हणाली. "नाव पुकारल्याशिवाय मीठ पडत नाय. माज्या मरदाचाच कायदा हाय."

धुकं विरत चाललं होतं. यासिर उठून उभा राहिला. त्याला तोंडातून ते नाव काढता येईना. त्यानं एक पळवाट शोधली. "चाची, तुमी आता अबू हलीफालाच जाणार. अबू हलीफाच्या नावानं टाका. जहीर, चालंल ना?"

जहीरनं पहिल्यांदा वर पाहिलं. आईकडे नाही, यासिरकडे. "नाय चालायचा," तो म्हणाला. "अबू हलीफाची मूठ पडली. दुसरी पडत नाय. दुसरा नाव पुकारा."

अमिरुन्निसाचा हात अजून माझ्यावरच होता. मुठीच्या फटीतून दोनचार दाणे निसटू बघत होते आणि ती ते बोटांनी अडवून धरत होती. मला त्या हाताची ऊब लागत होती. इतकी वर्षं या हातानं मला घासलं, विसळलं, उन्हात ठेवलं. रिता हात मला ओळखीचा होता. भरलेला मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, ही मूठ उघडली नाही तर मी यापुढे कुणाच्या चुलीवर तापायची नाही.

यासिरनं टोपी सारखी केली. घसा साफ केला. आणि दर वर्षी सहा नावं पुकारतो त्याच ठणठणीत आवाजात त्यानं पुकारलं, "सिटी!"

मूठ उघडली.

मी तुम्हाला काय सांगू? मी तांब्याची बाई, मला चवीचं काय कळणार असं तुम्ही म्हणाल. पण ते मीठ माझ्यात उतरलं तेव्हा माझ्या कड्या वाजल्या. कुणी हात लावला नव्हता. शिंप्यांनी घोटणी घेतली आणि खिचडा तळापासून हलवला. सगळ्यांनी पुन्हा ताटं पुढे केली. खारट झालं नव्हतं. सहाजणांनी सोडलेली जागा, कशी कोण जाणे, तिच्या एका मुठीएवढीच निघाली.

जेवणं झाल्यावर सुलैबियाचा माणूस पुन्हा उभा राहिला. म्हणाला, ज्या विभागाचं मीठ पडलं त्याचा हात मोजायचा, खरं ना? मग सकाळचा ठराव पुन्हा मोजा. यासिरनं इकडेतिकडे पाहिलं. त्यानंच नाव पुकारलं होतं, आता कुठे पळणार? तिथेच अंगणात, उष्ट्या ताटांच्या मध्ये, हात मोजले गेले. तीन हात वर गेले. मग अमिरुन्निसानं हात वर केला. तिला सवय नव्हती, आधी खांद्यापर्यंतच नेला, मग पूर्ण वर. मनगटाला मीठ चिकटलेलं होतं, उन्हात ते चमकत होतं. चार.

विरोधात तीन. त्यात जहीरचा हात होताच. तो डोळे पुसत होता एका हातानं, आणि दुसरा वर होता.

"बरोबर केलास," आई त्याला नंतर म्हणाली. "तो तुज्या लोकांचा हात हाय. हा माजा."

त्या संध्याकाळी तिनं मला शेवटचं घासलं. जवेरिया शेजारी उभी राहून नळाखाली विसळत होती. "सो यू वन, दादी," ती म्हणाली. "बट यू आर लीव्हिंग नेक्स्ट मंथ. मग सिटीची मूठ कोण टाकणार?"

"सिटीत राहतो तो." अमिरुन्निसा हसली. "मी अबू हलीफात बसून तुज्या बापाची मूठ बघीन. जरा भरून टाकतो का नाय ते."

तिला मूठ मिळाली ती एकदाच. हात वर केला तोही एकदाच. तेवढ्यासाठी किती पायऱ्या चढली ती, मला माहीत आहे. मला वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता ती अबू हलीफाला गेली. इमारत रिकामी आहे. शर्कमधल्या शिंप्यांनी मला त्यांच्या खोलीत न्यायचं ठरवलंय, उद्या-परवा येतील. तोवर मी सरदाबमध्ये पालथी आहे. वर कुणी नळ सोडत नाही, तरी मला बोट चालल्यासारखं वाटतं. स्वप्नात बदरुद्दीन येतो. पाहुण्यांना वाढून झालेलं असतं, आणि अमिरुन्निसा त्याला हाताला धरून पंगतीत बसवत असते. तो नको नको म्हणतो. ती ऐकत नाही.

जाताना तिनं माझ्या कडीला हात लावून शिंप्यांना एक गोष्ट सांगितली होती. ती मी पुढे पोहोचवते, कारण शिंपी कामाच्या गडबडीत विसरतील. पुढच्या थंडीत मला चुलीवर चढवाल, एकेकाचं नाव पुकाराल, तेव्हा सिटीचं नाव आधी घेऊ नका. घरच्या माणसानं आधी वाढून घ्यायचं नसतं, हे बदरुद्दीनचं बोलणं काही खोटं नव्हतं. शेवटी घ्या. पण घ्या.